कोंबड्यांच्या ई. कोलाय जिवाणूवर फेज वापरले त्याचा आमचा अनुभव, नोव्हेंबर ते आजपर्यंत

गेले दोन महिने सारखे फोन येतायत की ताई ते जंतू खाणारे जंतू, म्हणजे फेज, तुम्ही वापरले म्हणे, कुठं मिळतात, कितीला बाटली. प्रत्येकाला फोनवर सांगताना निम्मं राहून जातं म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. शेडच्या वहीत रोजची नोंद असते, तारखा आणि आकडे तिथनंच घेतलेत.

आमचं गाव विट्यापासून ११ किलोमीटर, येरळेच्या बाजूला. घरातली माणसं गलाईतली, म्हणजे सोनंचांदी गाळायच्या धंद्यातली, आमचे हे १५ वर्षं सेलमला होते, लॉकडाऊनमध्ये गावी आलो ते परत गेलोच नाही. २०२१ ला दोन शेड मारली, प्रत्येकी १५०० पक्ष्यांची. आम्ही कंपनीच्या करारावर नाही, ओपनमध्ये करतो, म्हणजे पिल्लं आपली, खाद्य आपलं, औषध आपलं आणि मर झाली तर तीही आपलीच. हे आधीच सांगायचं कारण, करारावर असाल तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय पाण्यात काहीही घालता येत नाही, त्यामुळं पुढचं सगळं वाचून लगेच करायला जाऊ नका, आधी कंपनीशी बोला.

दिवाळीच्या लॉटची पिल्लं २१ ऑक्टोबर २०२४ ला टाकली होती. तीन आठवडे चांगले गेले. थंडी पडली तसे आम्ही रात्री पडदे पूर्ण खाली सोडायला लागलो आणि तिथंच चुकलं, आत अमोनिया साठला, डोळ्याला झोंबायचा इतका. १० नोव्हेंबरच्या रात्री लाईट बंद केल्यावर पक्ष्यांच्या श्वासाची खरखर ऐकू आली. ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत त्यांना हा आवाज माहीत आहे. सकाळी १२ मेलेले. औषधाच्या दुकानातनं एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणलं, पाण्यातनं सुरू केलं, रोजची मर २५ वर गेली, मग त्याच्या जोडीला दुसरं दिलं, मग ४० वर गेली. त्या दुकानात मला कोलिस्टिनचा एक जुना डबा पण काढून दाखवला होता. कोलिस्टिन माणसाच्या शेवटच्या टप्प्यातल्या इन्फेक्शनला राखून ठेवलेलं औषध आहे, जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला २०१९ पासून देशात बंदी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घेतलं नाही ते फक्त पैसे संपले होते म्हणून. आज आठवलं की पोटात गोळा येतो, कारण आमचीच पोरं ती कोंबडी खातात.

१४ नोव्हेंबरला मेलेले पक्षी घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिथंच पीएम केलं, म्हणजे पक्षी फाडून तपासला, आणि मला जवळ बोलावून दाखवलं. काळजावर आणि लिव्हरवर पिवळट पांढरा थर, दुधावर साय धरते तसा, चिमटीनं उचलला तर सबंध निघाला. म्हणाले, "वहिनी, ई. कोलाय दिसतोय. पण औषधं बदलत बसू नका, कल्चर करून घ्या, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून तपासतील, कुठल्या औषधाला मरतोय ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी, मग शनिवार रविवार. मी दोन पक्षी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले, मला वाटलं टिकतील. सोमवारी १८ ला पहाटे चारला उठून पुण्याची लॅब गाठली तर त्यांनी घेतलेच नाहीत. चार दिवस गोठवलेलं, त्यात अँटिबायोटिक चालू असलेलं, यातनं बरोबर निष्कर्ष निघणार नाही म्हणाले. १९० रुपयांचा बर्फ, जाण्यायेण्याचा खर्च आणि एक दिवस वाया. म्हणून हे नीट वाचा. सॅम्पलला मेलेल्यापेक्षा जिवंत आजारी पक्षी न्यावा, तीनचार तरी. मेलेला न्यायचा असेल तर काही तासांच्या आतला, दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात, पण गोठवायचा नाही. शक्यतो औषध सुरू करायच्या आधीचा. आणि सोबत कागदावर लिहून न्या: पक्ष्याचं वय, एकूण पक्षी किती, रोजची मर, लासोटा आणि गंबोरो लसींची तारीख, काय काय औषध दिलं. तिथं गेल्यावर घाईत काही आठवत नाही. सातारा बाजूच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, हायवेलाच आहे, आधी फोन करून वेळ विचारून जा.

१९ ला परत गेलो, चार जिवंत पक्षी घेऊन. दोन सॅम्पलचे मिळून १२०० रुपये भरले. २० ला विधानसभेचं मतदान, लॅबची निम्मी माणसं इलेक्शन ड्युटीवर, त्यामुळं रिपोर्ट आला २६ तारखेला. १२ औषधांची यादी होती आणि त्यातल्या नऊ औषधांपुढं आर लिहिलेलं, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एन्रोफ्लॉक्सासिन त्यात पहिलंच होतं. पाच दिवस आम्ही जे पाजलं त्यानं त्या जंतूचं काहीच बिघडलं नव्हतं. ३००० मधले ४१७ पक्षी गेले, उरलेले कमी वजनाचे व्यापाऱ्याला द्यावे लागले. सगळा हिशेब केला तर दीड लाखाच्या आसपास तोटा. त्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

रिपोर्ट देताना लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या की आमच्या ओळखीची एक मुलगी कोंबड्यांच्या ई. कोलायवर फेज घेऊन पीएचडी करतेय, तिला दोन सारखी शेड असलेला शेतकरी पाहिजे, नंबर देऊ का. मी हो म्हणाले, कळलं काहीच नव्हतं.

५ डिसेंबरला तिचा फोन आला, चांगली तासभर बोलली. फेज म्हणजे बॅक्टेरिओफेज, जिवाणूला होणारा विषाणू. तो जिवाणूच्या अंगावर ठरावीक जागी चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत त्याच्या शेकड्यानं प्रती तयार होतात आणि जिवाणू फुटतो, बाहेर पडलेले पुढच्या जिवाणूला धरतात. कोंबडीच्या किंवा माणसाच्या पेशीला तो धरूच शकत नाही. ही कल्पना नवी पण नाही. १८९६ ला हॅनकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं गंगा यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असं लिहून ठेवलं होतं. पुढं १९१७ ला फेलिक्स द'हेरेल यांनी या विषाणूंना नाव दिलं, आणि १९१९ ला फ्रान्समध्ये त्यांनी हे वापरलं ते कोंबड्यांवरच, कोंबड्यांच्या टायफॉइडला. नंतर पेनिसिलिनचा जमाना आला आणि जगानं हे बाजूला ठेवलं, जॉर्जियातल्या तिबिलिसीला मात्र १९२३ पासूनची संस्था अजून हेच काम करते. हे सगळं ऐकल्यावर मला खरंच धीर आला. आपल्यावर काहीतरी अघोरी प्रयोग होणार ही भीती होती ती गेली.

घरात सांगणं जास्त अवघड गेलं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या म्हणाल्या, "अगं पाण्यात विषाणू घालणार? कोरोनानं पोट भरलं नाही का?" त्यांना समजवायला मला दोन दिवस लागले. शेवटी असं सांगितलं की आत्या, हे एवढं नेमकं असतं की आपल्या शेडमधल्या ई. कोलायला धरणारा फेज शेजारच्या शेडमधल्या ई. कोलायला धरेलच असं नाही, मग माणसाला काय धरतोय. बाटलीचा भाव विचारणाऱ्यांनीही एवढंच लक्षात घ्या. माझ्याकडची बाटली तुमच्याकडं चालेल याची खात्री नाही, आधी तुमच्या शेडमधला जंतू काढून त्याच्यावर तपासायला लागतं.

मग फेज शोधायचे. जिथं जिवाणू तिथं त्याचा फेज, त्यामुळं घाणीतच सापडतो. ८ डिसेंबरला मी नऊ बाटल्या भरल्या: दोन्ही शेडच्या लिटरमधलं, म्हणजे पक्ष्यांखालच्या अंथरुणातलं, शेडमागच्या गटारीचं, खताच्या खड्ड्याचं, विट्याच्या चिकन मार्केटच्या नाल्याचं, येरळेचं, शेजारच्या दाजींच्या शेडचं असं करत. हातात ग्लोव्हज, तोंडाला फडकं, बाटलीवर मार्करनं जागा आणि वेळ. लॅबमध्ये ते पाणी इतक्या बारीक फिल्टरमधनं काढतात, ०.२२ मायक्रॉन, की जिवाणू वर अडकतो आणि फेज खाली जातो. मग आमच्याच पक्ष्यातनं काढलेला जंतू प्लेटवर वाढवून त्यात ते मिसळायचं. तिनं चार दिवसांनी फोटो पाठवला. गढूळ थर आणि त्यात गोल गोल स्वच्छ भोकं, तव्यावर आंबोळीला जाळी पडते तशी. प्रत्येक भोक म्हणजे तिथं एका फेजपासून सुरू होऊन सगळे जिवाणू मेले. नऊपैकी चार बाटल्यांत सापडले, आणि सगळ्यात जोरदार निघाला तो आमच्याच शेडमागच्या गटारीतला. रोज ज्याच्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकत होते त्यातला.

त्यातले दोन निवडले. एकच का नाही, तर जिवाणू फेजलाही दाद देईनासा होतो, दोन वेगवेगळे असले की त्याला दोन्हीकडनं निसटणं अवघड जातं. शिवाय काही फेज जिवाणूला मारायचं सोडून त्याच्या डीएनएत लपून बसतात आणि नको ते गुण एका जिवाणूतनं दुसऱ्यात नेऊ शकतात, तसले वापरायचे नसतात. म्हणून दोघांची जनुकीय तपासणी करावी लागली, त्यात पाच आठवडे गेले. तो खर्च त्यांच्या प्रोजेक्टमधनं झाला, आम्हाला परवडला नसता.

तोपर्यंत कागदपत्रं. सातबारा, नमुना ८ चा उतारा, आधार, ग्रामपंचायतीचं ना हरकत, पशुधन विकास अधिकाऱ्यांचं देखरेखीचं पत्र, आणि आमचं संमतीपत्र स्टॅम्पवर. ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० चा स्टॅम्प लागायला लागला, तो घेतला, वर नोटरीचे २००. ना हरकतीसाठी एका ऑफिसात चार फेऱ्या झाल्या, कारण अर्जात "विषाणू" शब्द वाचून कोणी सही करायला तयार नव्हतं. पाचव्या खेपेला डॉक्टर स्वतः आले, साध्या भाषेत एक पान लिहून दिलं, तेव्हा झालं. तुम्हाला असा अर्ज करायचा असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांचं ते एक पान जोडा. १७ डिसेंबरला फाईल प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या एथिक्स कमिटीकडं गेली, मीटिंग एकदा पुढं ढकलली, २२ जानेवारीला झाली, पत्र हातात आलं ३१ ला. अटी मला पटल्या. एका शेडला फेज, दुसऱ्याला नाही, पण नसलेल्या शेडमध्ये मर वाढली तर डॉक्टरांनी लागू पडणारं औषध लगेच द्यायचं, आकड्यासाठी पक्षी मरू द्यायचे नाहीत. शेवटचा डोस विकायच्या किमान १० दिवस आधी.

या सगळ्यात शेडं दोन महिने मोकळी राहिली. त्याचा उपयोग करून घेतला. जुनं लिटर सगळं बाहेर, धुवून चुना मारला, टाकी आणि पाईप आतनं साफ केले, पाईपमधनं काय चिकट घाण निघाली ती बघून वाटलं निम्मा आजार इथंच होता. पडद्याची वरची फूटभर फट आता थंडीतही उघडी ठेवतो.

१८ फेब्रुवारी २०२५ ला पिल्लं आली, ४२ रुपयांनी. वेळ वाईट होती, पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या केसेस निघालेल्या, चिकनबद्दल लोकांच्या मनात भीती, त्यात बर्ड फ्लूच्या बातम्या. पण थांबून तरी काय करणार. डाव्या शेडच्या पिल्लांना खोक्यात असतानाच फेजचा फवारा दिला. फवाऱ्याचं कारण असं की २००२ च्या सुमारास अमेरिकेत आर्कान्सासमधल्या संशोधकांनी तपासलं होतं, श्वासातनं होणाऱ्या ई. कोलायला फेज फवारून किंवा इंजेक्शननं दिलेले उपयोगी पडले, नुसते पाण्यातनं दिलेले पडले नाहीत. पाण्यातला फेज आतड्यात काम करतो, हवेच्या पिशव्यांपर्यंत पुरेसा पोचत नाही. आम्ही दोन्ही केलं, पहिल्या दिवशी फवारा, नंतर १०, ११, १२ व्या आणि २०, २१, २२ व्या दिवशी पाण्यातनं. फवाऱ्याला नवा पंप घ्या, ९०० ला मिळाला. द्राक्षबागेच्या औषधाचा पंप कितीही धुतला तरी पिल्लांवर वापरू नका.

पाण्याचं तर फार सांभाळावं लागतं. क्लोरीननं फेज मरतात. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीचं टीसीएल असतं म्हणून बोअरचं वापरलं, आमचं टीसीएल आदल्या संध्याकाळपासून बंद, एक लिटर पाण्याला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर, लासोटा देताना करतो तसंच. आधी तासभर पाणी बंद ठेवायचं म्हणजे तासा दीड तासात पिऊन संपवतात. द्रावण मिलीलिटरमागे १० कोटी फेजचं होतं, बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये दुधाच्या खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही. पोरांना बजावून ठेवलं होतं, तरी आत्यांनी वर हळदीकुंकू लावलेलं फडकं टाकून ठेवलं. काढलं नाही मी ते.

१४ मार्चला धुळवड, पक्ष्यांचा २४ वा दिवस. रात्री उजव्या शेडमध्ये खरखर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ९ गेले, तिसऱ्या दिवशी १७. डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या रिपोर्टमध्ये लागू असलेल्या तीनपैकी एक औषध पाच दिवस दिलं आणि मर बसली. त्या पाच दिवसांत मला फार वाईट वाटत होतं, बादलीभर फेज घरात असताना या बाजूला द्यायचे नाहीत, पण ठरलं होतं ते ठरलं होतं. डाव्या शेडमध्येही २६, २७ व्या दिवशी काही पक्षी पंख पाडून बसले. ते वेगळे काढले, फेज दिलेले असूनही त्यातला एकही वाचला नाही. पीएमला तीच साय. एकदा रक्तात भिनला की पाण्यातनं दिलेल्या फेजनं बरा होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

२९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी माल गेला. डाव्या शेडमध्ये एकूण मर ७१, उजव्यात १४२. सरासरी वजन डावीकडं २ किलो ५० ग्रॅम, उजवीकडं १ किलो ९३० ग्रॅम. डाव्या शेडला अँटिबायोटिकचा एक थेंब लागला नाही. मी आनंदानं ओरडलेच, पण ती मुलगी म्हणाली, "ताई, एका लॉटवरनं सांगता येत नाही. तुमच्या डाव्या शेडला वारं जास्त लागतं, ते पण कारण असेल." खरं होतं ते. शिवाय डाव्या शेडमधल्या मेलेल्या पक्ष्यांतनं काढलेल्या पाच जंतूंपैकी एकाला आमचे दोन्ही फेज मारत नव्हते. म्हणजे परत बाटल्या भरा, परत शोधा. एप्रिलमध्ये परत भरल्या, या वेळी चिकन मार्केटच्या नाल्यात तिसरा सापडला.

आमचा हातातनं गेलेला खर्च म्हणाल तर कल्चर, स्टॅम्प, नोटरी, थर्माकोलचे डबे, पंप, पावडर आणि पुण्याच्या सात फेऱ्या धरून साडेनऊ हजारांच्या आसपास. फेज फुकट मिळाले कारण संशोधन होतं. उद्या कोणी विकत द्यायला लागलं तर तुमच्या जंतूवर तपासलंय का, कोणत्या तारखेला, आणि त्याचा कागद दाखवा, हे तीन प्रश्न विचारा.

दुसऱ्या लॉटला शेडं उलटी केली, फेज उजवीकडं, म्हणजे वाऱ्याचा प्रश्न सुटेल. पिल्लं ९ जूनला टाकली. आज १ जुलै, २२ वा दिवस, शेवटचा डोस सकाळी झाला. बाहेर पाऊस लागलाय. आत्ता दहा वाजता दोन्हीकडची लाईट बंद करून दारात उभी राहून आले, दहा दहा मिनिटं. उजवीकडं काही नाही. डावीकडं मागच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी बारीक खरखर आहे. ते दोन पक्षी बॅटरी लावून शोधून वेगळे केलेत, डबा आणि बर्फ काढून ठेवलाय, सकाळी पहिल्या एसटीनं निघते.